भाचीचे नाव शोधले आणि दाखल्यावर चढवले, त्याची हकीकत

माझ्या भावाला ३० ऑगस्ट २०२४ रोजी, श्रावण वद्य द्वादशीच्या शुक्रवारी सकाळी मुलगी झाली आणि तिचे नाव सुचवण्याचे काम रीतीप्रमाणे माझ्याकडे आले. आमच्याकडे नाव ठेवण्याचा मान आत्याचा असला, तरी नावे ठेवण्याचा अधिकार घरातल्या प्रत्येकाला आहे, त्यामुळे हे काम दिसते तितके सरळ नव्हते. वहिनीच्या अटी मोजक्या होत्या: नाव खरोखर संस्कृत असावे, लहान असावे, आणि मुलीने मोठेपणी ‘माझ्या नावाचा अर्थ काय’ असे विचारले तर संकेतस्थळावरची एक ओळ वाचून दाखवण्याची वेळ येऊ नये. या शोधापासून पालिकेच्या दाखल्यापर्यंत जे घडले ते क्रमाने लिहीत आहे, कारण दोन्ही टप्प्यांवर उपयोगी माहिती एकत्र अशी मला कुठे मिळाली नाही.

आईने पंचांग उघडले. पुनर्वसू नक्षत्र, तिसरे चरण, मिथुन रास. पुनर्वसूची नावरस अक्षरे के, को, हा, ही अशी असल्याने तिसऱ्या चरणाला ‘हा’ आले. ‘हा’वरून मुलीचे सुटसुटीत संस्कृत नाव शोधू लागले की ‘हासिनी’च्या पुढे गाडी फारशी जात नाही, आणि हासिनी हा शब्द चारुहासिनी, सुहासिनी असा जोडीनेच जास्त शोभतो. आमच्या गुरुजींनीच हा पेच सोडवला. जुन्या परंपरेत बालकाला एकच नाव नसते; देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत, त्यांपैकी अक्षराचा आग्रह नाक्षत्रनामापुरता ठेवावा आणि हाक मारायचे नाव मोकळेपणाने निवडावे, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या घरी अक्षरावरून वाद अडला आहे त्यांनी हा तोडगा वडीलधाऱ्यांपुढे जरूर ठेवावा; तो आधुनिक नाही, त्यामुळे लवकर पटतो.

त्यानंतर मी सगळेच करतात तेच केले, म्हणजे नावांच्या याद्या वाचल्या. रात्री बाळ रडले की घरात सगळेच जागे असत आणि मोबाइलवर याद्या सरकवत बसण्याखेरीज दुसरा उद्योग नसे. या याद्यांचा मला लवकरच वीट आला. त्यांच्यात प्रत्येक नावाचा अर्थ लक्ष्मी, सूर्यकिरण किंवा ‘अद्वितीय’ यांपैकी एक असतो, आणि कियारा व मायरा ही नावे बिनदिक्कत ‘संस्कृत’ या रकान्यात बसवलेली असतात. नावे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ज्यांना ती आवडतात त्यांनी ती ठेवावीत, परंतु त्यांच्यापुढे संस्कृतची पाटी लावण्याचे कारण नाही.

म्हणून मी कोशांकडे वळले. घरात ओकांचा गीर्वाणलघुकोश होता, जो संस्कृत शब्दांचे अर्थ मराठीत देतो आणि पहिल्या चाळणीसाठी उत्तम आहे. त्याच्यापुढे वामन शिवराम आपट्यांचा १८९० सालचा कोश आणि मोनियर-विल्यम्सचा १८९९ सालचा कोश असे दोन टप्पे मी ठेवले. हे दोन्ही जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाने संगणकावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत, त्यामुळे इथपर्यंत एक रुपयाही लागत नाही. कोश पाहताना दोन गोष्टी आधी माहीत असतील तर वेळ वाचतो. पहिली अशी की मराठीत आपण कवी, मती, शांती असे दीर्घान्त लिहितो, पण संस्कृत कोशात ते शब्द कवि, मति, शान्ति असे ऱ्हस्वान्त असतात. मराठी वळणाने शोधले तर ‘शब्द नाही’ असे उत्तर येते आणि माणूस विनाकारण हिरमुसतो. दुसरी गोष्ट मोनियर-विल्यम्सच्या कोशातल्या ‘एल्’ या खुणेची आहे. ही खूण ज्या अर्थापुढे असते तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी नोंदवलेला असतो, संपादकांना तो कुठल्या ग्रंथात प्रत्यक्ष वापरलेला आढळलेला नसतो. याद्यांतले अनेक चमकदार अर्थ या खुणेपाशी येऊन थांबतात. ज्या अर्थापुढे ऋग्वेद, उपनिषद, रामायण असा संदर्भ असेल त्यावर विसंबावे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला ऐतिहासिक तत्त्वांवरचा संस्कृत महाकोश १९४८ मध्ये हाती घेण्यात आला, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि इतके खंड होऊनही काम अजून ‘अ’ या अक्षरातच आहे, एवढी त्यातली नोंद सविस्तर असते. ‘हा’वरून नाव ठेवले असते तर या कोशाची वाट आमच्या नातवंडांना पाहावी लागली असती.

‘अ’वरचे नाव मात्र पंचांगातच सापडले. नक्षत्रांच्या कोष्टकात प्रत्येक नक्षत्राची देवता दिलेली असते, आणि पुनर्वसूपुढे लिहिले होते: अदिती. अक्षर जुळत नव्हते, पण देवता त्याच नक्षत्राची होती, त्यामुळे आईचाही मान राहत होता. वहिनीला नाव ऐकताक्षणीच आवडले. तरी अर्थाची अट होतीच, आणि खरी मौज तिथेच होती.

याद्यांत अदितीचे अर्थ स्वातंत्र्य, असीम, पृथ्वी, देवमाता असे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे दिलेले असतात. एकाच नावाचे इतके अर्थ पाहून मला ते सगळे रचलेले वाटले होते, पण मूळ पाहिल्यावर प्रत्येकाला आधार निघाला. बहुतेक अभ्यासक या शब्दाची फोड अ + दिति अशी करतात आणि ‘दिति’चा संबंध बांधणे या अर्थाच्या ‘दा’ धातूशी जोडतात. म्हणजे अदिती ही बंधन नसलेली. हा अर्थ केवळ व्याकरणातून काढलेला नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या चोविसाव्या सूक्ताची शेवटची ऋचा वरुणाला उद्देशून आहे:

उदुत्तमं वरुण पाशमस्मदवाधमं वि मध्यमं श्रथाय।
अथा वयमादित्य व्रते तवानागसो अदितये स्याम॥

वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही पाश आमच्यापासून सैल कर, म्हणजे हे आदित्या, तुझ्या व्रतात राहून आम्ही निरपराध होऊन अदितीचे होऊ, अशी ही प्रार्थना आहे. पाश सुटणे आणि अदिती हे दोन्ही एकाच ऋचेत शेजारी आलेले पाहिले तेव्हा माझ्यापुरता नावाचा निर्णय झाला. त्याच मंडलातल्या एकोणनव्वदाव्या सूक्तात ‘अदितिर्द्यौरदितिरन्तरिक्षमदितिर्माता स पिता स पुत्रः’ अशी ऋचा आहे. आकाश, अंतरिक्ष, आई, बाप, मुलगा, जन्मलेले आणि जन्मणार असलेले सर्व काही अदितीच आहे असे ती सांगते, आणि याद्यांमधला ‘असीम’ हा अर्थ इथल्या भावाशी जुळतो. ‘पृथ्वी’ हा अर्थ निघंटूतला. वैदिक शब्दांच्या त्या जुन्या यादीत अदिती हे पृथ्वीचे नाव आहे, वाणीचे आहे आणि गायीचेही आहे. वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात यास्काने ‘अदितिरदीना देवमाता’ म्हणजे दीन नसलेली, देवांची आई, असे तिचे वर्णन केले आहे. ही फोड आधुनिक भाषाशास्त्राला मान्य होईल की नाही हा प्रश्न वेगळा, पण मुलीला सांगायला ‘अदीना’ हा अर्थ मला सर्वांत आवडतो.

घरात सर्वाधिक चर्चा झाली ती बृहदारण्यक उपनिषदातल्या निर्वचनाची, म्हणजे तिथे दिलेल्या शब्दाच्या फोडीची. पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या ब्राह्मणात ‘सर्वं वा अत्तीति तददितेरदितित्वम्’ असे म्हटले आहे, म्हणजे जे सर्व काही खाते ते अदिती. तिथला संदर्भ सृष्टी आणि मृत्यू यांचा आहे व विषय गंभीर आहे, पण आजीने ‘म्हणजे खादाड म्हण की’ एवढेच म्हटले आणि दर दोन तासांनी दुधासाठी टाहो फोडणाऱ्या बाळाकडे पाहून तो अर्थही एकमताने संमत झाला.

नाव पक्के करण्याआधी मी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका संस्कृतच्या प्राध्यापकांना भेटले. त्यांनी मनुस्मृतीतला मुलींच्या नावांविषयीचा श्लोक काढून दाखवला: ‘स्त्रीणां सुखोद्यमक्रूरं विस्पष्टार्थं मनोहरम्। मङ्गल्यं दीर्घवर्णान्तमाशीर्वादाभिधानवत्॥’ उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले नाव असावे, असा त्याचा आशय आहे. पारस्कर गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचा जुना ग्रंथ मुलीच्या नावात अक्षरे विषम हवीत असे सांगते; ती आमच्याकडे तीन आहेत. मनूचे सगळेच ऐकायला आम्ही बांधील नाही (नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये असेही तो म्हणतो, आणि तसे केले असते तर महाराष्ट्रातल्या रोहिणी, तुळसा आणि गोदावरी यांचे काय झाले असते), पण ‘दीर्घवर्णान्त’ या शब्दापाशी आम्ही अडखळलो. संस्कृतात अदिति ऱ्हस्वान्त आहे. मराठीच्या लेखननियमांप्रमाणे मात्र तत्सम इकारान्त शब्द दीर्घान्त लिहायचा असतो, म्हणून मराठीत अदिती. सरांचे मत स्पष्ट होते: दाखला मराठीत निघणार आहे, तर मराठीच्या नियमाने दीर्घ लिहा, आणि जे ठरवाल तेच प्रत्येक कागदावर शेवटपर्यंत ठेवा. हा सल्ला किती मोलाचा होता ते पुढे कळले.

बारसे बाराव्या दिवशी करायचे तर तो दिवस १० सप्टेंबरचा, म्हणजे नेमका गौरी आवाहनाचा आला. गणपती झाल्यावर पितृपक्ष लागला. अखेर १२ ऑक्टोबरला दसऱ्याच्या मुहूर्तावर पाळणा सजला, तांदळात सोन्याच्या अंगठीने नाव लिहिले आणि मी बाळाच्या कानात कुर्र करून ते सांगितले.

आता कागदपत्रांकडे वळते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते आणि प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ती देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. त्या मुदतीत नाव ठरले नसले तरी घाबरण्याचे कारण नाही. नोंद नावाशिवाय होते, दाखल्यावर नावाचा रकाना कोरा राहतो, आणि नंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येते. त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून ते करता येते. बारशाला उशीर होणार म्हणून घाईघाईने रुग्णालयाच्या अर्जावर कुठलेतरी नाव लिहून देणारे पालक मी पाहिले आहेत. असे करू नये, कारण एकदा चढलेले नाव बदलणे ही लेखनदोषाची दुरुस्ती ठरत नाही आणि मग प्रकरण राजपत्रापर्यंत जाते. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण यांचा पुरावा म्हणून शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत हाच दाखला धरला जातो, म्हणून त्यातले अक्षरन्‌अक्षर महत्त्वाचे आहे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात दादा आणि मी पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो. नाव चढवण्याचा अर्ज, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, नावाविना निघालेला दाखला, आई-वडिलांची आधारकार्डे आणि दोघांच्या सह्यांचे साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र एवढे कागद लागले. अर्जावर सही आईची किंवा वडिलांचीच हवी; आत्याचा मान तिथे चालत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे, त्यामुळे वहिनीचे नाव कागदावर कसे आहे हेही तपासावे लागले. तिच्या आधारवर लग्नानंतरचे नाव आणि डिस्चार्ज कार्डावर माहेरचे नाव अशी तफावत असती तर तिथेच अडले असते; ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी प्रसूतीपूर्वीच रुग्णालयात आधारप्रमाणे नाव नोंदवावे.

अर्ज घेणाऱ्या मॅडमनी पोच दिली आणि निवडणुकीनंतर या, असे सांगितले. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि निम्मा विभाग निवडणुकीच्या कामावर होता, त्यामुळे त्यांचे म्हणणे वाजवी होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखला हाती आला. त्यावर नाव होते: आदिती.

अर्जावर दादाने ठळक अक्षरात अदिती लिहिले होते. संगणकात मात्र आधी रोमन लिपीतले नाव टंकले गेले होते आणि त्यावरून आज्ञावलीने मराठी रूप आपोआप भरले होते. रोमनमध्ये अ आणि आ यांना एकच अक्षर असल्यामुळे तिने स्वतःच्या मनाने काना दिला. खिडकीवरच्या गृहस्थांना हे दाखवले तेव्हा ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘ताई, आदित्य असतो ना, मग आदितीच असणार की.’ त्यांचा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो, आणि अनेक सुशिक्षित घरांत तो चालतोही. प्रत्यक्षात गोष्ट उलट आहे. आदित्य म्हणजे अदितीचे अपत्य. पाणिनीने ‘दित्यदित्यादित्यपत्युत्तरपदाण्ण्यः’ या सूत्रात या प्रत्ययाची सोय केली आहे आणि तो लागल्यावर पहिल्या स्वराची वृद्धी होऊन अ चा आ होतो. म्हणजे काना मुलाला मिळतो, आईच्या नावात तो नसतो. आईच्या नावातला अ नकाराचा आहे, आणि तोच गेला तर बंधन नसलेली, दीन नसलेली हे सगळे अर्थ त्याच्याबरोबर जातात. सूत्र मी खिडकीवर म्हटले नाही. दादाने फक्त अर्जाची मूळ प्रत काढायला लावली आणि तिच्यातले अक्षर दाखवले.

तेवढे पुरले. अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे लेखनदोष सिद्ध झाल्यास निबंधकाला नोंद दुरुस्त करता येते. मूळ नोंदीत खाडाखोड न करता समासात दुरुस्ती लिहून तारीखवार सही करायची असते. चूक कार्यालयाकडून झाल्याचे मूळ अर्जावरून दिसत असल्याने आमच्याकडे प्रतिज्ञापत्र मागितले नाही, फक्त दुरुस्तीचा अर्ज आणि चुकीच्या दाखल्याची मूळ प्रत जमा करावी लागली. म्हणून अर्ज देतानाच त्याची झेरॉक्स काढून तिच्यावर आवक शिक्का घ्यावा. मूळ प्रत सापडली नाही तरी तुमच्या हातात पुरावा राहतो. ज्या कार्यालयात छपाईपूर्वी मसुदा दाखवतात तिथे मराठी आणि रोमन दोन्ही रकाने वाचल्याशिवाय सही करू नये. जिथे दाखवत नाहीत तिथे तो मागावा. संक्रांतीनंतर दुरुस्त दाखला मिळाला. पहिली प्रत विनामूल्य असते. जादा प्रती आणि झेरॉक्स धरून सगळा खर्च शंभराच्या नोटेत भागला. या काळात वहिनीची चिडचिड झाली, दादा दोनदा ‘राहू दे तो काना’ असे म्हणाला, आणि आई मात्र पहिल्यापासून दुरुस्तीच्या बाजूने ठाम होती.

फेब्रुवारीत बाल आधार काढले. पाच वर्षांखालील मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडिलांचा आधार क्रमांक जोडतात, आणि ही नोंदणी विनाशुल्क आहे. तिथेही तीच आज्ञावली, तोच रोमन रकाना आणि पडद्यावर पुन्हा काना आला, पण या वेळी दाखला हातात असल्यामुळे केंद्रचालकाने तो आमच्यासमोरच काढला. लसीकरणाच्या पुस्तिकेवर अजून ‘बेबी ऑफ’ आणि वहिनीचे नाव एवढेच आहे. दाखल्याची प्रत दाखवली की नाव लिहून शिक्का देतो असे दवाखान्याने सांगितले आहे, आणि पुढच्या डोसच्या वेळी ते काम उरकायचे आहे.